कापसाच्या चिमण्या

आमच्या घरात सुई ओवण्याचे खाते माझ्याकडे होते. आजीला दिसत नसे, आईला वेळ नसे आणि बहीण नसल्यामुळे हे काम आपोआप माझ्या वाट्याला आले. "सुई ओवून दे रे बाबा," अशी हाक माजघरातून आली, की मी गोट्या खिशात टाकून आत पळत असे. दोऱ्याचे टोक ओठांत धरून ओले करायचे, चिमटीत पिळून त्याला टोक आणायचे आणि श्वास रोखून सुईच्या नेढ्यात घालायचे, एवढेच ते काम. पण ते एका फटक्यात जमले म्हणजे आजी अशा कौतुकाने पाही, की मी जणू कचेरीत मोठा साहेब झालो आहे! आज माझा नातू माझी सुई ओवून देतो. मीही त्याच्याकडे तसाच पाहतो. सुईचे नेढे त्याच जागी असते; पन्नास-साठ वर्षांत बदलते ते फक्त कोणी ओवायचे एवढेच.

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे दिवाळी. आश्विन लागला, सकाळी अंगणात थोडे दव दिसू लागले आणि दुपारचे ऊन मात्र भाद्रपदाहूनही तिखट झाले, की आमच्या कड्याच्या घरात चिमण्या शिवायला काढीत. चिमण्या म्हणजे कापडाच्या. पोटात कापूस भरलेल्या, लाल चोचीच्या, काळ्या मण्यांच्या डोळ्यांच्या. अशा अकरा चिमण्या एका जाड दोऱ्याला टांगल्या म्हणजे तोरण होई. पाळण्यावर टांगतात त्याला कुणी चिमणाळे म्हणतात; आमच्या घरी तोरण असो की पाळणा, दोन्हीला नुसते 'चिमण्या' म्हणत. दसऱ्याला दारावर आंब्याची पाने आणि झेंडू असे. पण आंब्याची पाने चार दिवसांत वाळतात, झेंडू आठ दिवसांत माना टाकतो. दिवाळीपर्यंत टिकेल असे दारावर काही हवे, म्हणून या चिमण्या. आईचे म्हणणे असे, की पानाफुलांचे तोरण देवासाठी आणि कापडाचे तोरण येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी.

कडा हे गाव बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले. पण आम्हांला बीड लांब आणि नगर जवळ. आजीच्या तरुणपणी तर आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि नगर इंग्रजांच्या. नगरच्या कापडबाजारातून एखादा खण आणायचा तरी वाटेत करोडगिरीचा नाका आडवा येई, असे ती सांगे. 1948 साली ते राज्य गेले, पुढे नाकाही गेला. पण नगरच्या खणाचे अप्रूप आजीच्या मनातून गेले नाही. तिच्या पेटीत तळाशी ओटीत आलेले खण घडी न मोडता ठेवलेले असत. हिरवा, अंजिरी, चिंतामणी. त्यांना हात लावायची आम्हांला बंदी होती.

चिमण्यांना लागणारे कापड त्या पेटीतून कधीच येत नसे. ते येई शेजारच्या शिंपीकाकांच्या दुकानातून. दसरा झाला की त्यांचे मशीन रात्री कंदिलाच्या उजेडातही चाले. मशीनखाली चिंध्यांचा ढीग साचे. मी पिशवी घेऊन गेलो, की ते मान वर न करता पायानेच ढीग माझ्याकडे सरकवीत आणि म्हणत, "घे, सगळं गाव घे!" आणि ते खरेच होते. आमच्या तोरणात सगळे गाव असे. ही निळी रेघांची चिमणी म्हणजे कुणाच्या सदऱ्याची बाही, ही खाकी म्हणजे शाळेची चड्डी, ही गुलाबी फुलांची म्हणजे गल्लीतल्या धाकट्या पोरीचे परकर-पोलके. पाडव्याला लोक नवे कपडे घालून घरी येत, तेव्हा मी दारात उभा राहून कोणती चिमणी कुणाची हे मनात लावीत असे. एकदा एका पाहुण्याला मी मोठ्याने म्हणालोही, "काका, तुमची शेपूट आमच्या दारावर आहे." त्याबद्दल मला आत नेऊन जे मिळाले ते फराळाचे नव्हते.

आता चिमणी शिवायची कशी ते सांगतो. कारण हे शिकायला कुठे जावे लागत नाही आणि मशीनही लागत नाही. चार बोटे लांब, चार बोटे रुंद असा चौकोनी तुकडा घ्यायचा. कापडाची सुलट बाजू आत ठेवून तो कर्णावर दुमडायचा, की त्रिकोण होतो. दुमडलेली बाजू म्हणजे चिमणीची पाठ. तिची दोन टोके, एक चोच आणि एक शेपूट. समोरचा कोपरा म्हणजे पोट. दोन उघड्या कडांना बारीक टीप घालायची. नुसता धावदोरा घातला तर कापूस भरताना तो उसवतो. पोटापाशी दोन बोटे जागा मोकळी ठेवायची आणि तिथून सगळे सुलटे करून घ्यायचे. मग कापूस. इथे आईचा एक नियम होता. "चोच भरल्याशिवाय पोट भरायचं नाही." उदबत्तीच्या काडीने आधी चोचीच्या टोकात कापसाचा बारीक पेळू सारायचा, मग शेपटीत आणि शेवटी पोटात. आधी पोट भरले, की चोच पोकळ राहते आणि चिमणी जन्मभर उपाशी दिसते. कापूस फार गच्च भरला तर शिवण फाटते, ढिला भरला तर दोन दिवसांत चिमणी आजारी पडल्यासारखी मान टाकते. बोटाने दाबले की दबावी आणि सोडले की वर यावी, एवढाच भरायचा. शेवटी पोट शिवून टाकायचे, दोन अंगांना दोन लहान त्रिकोण पंखांचे टाचायचे, चोचीला लाल दोरा गुंडाळायचा आणि पोत ओवताना उरलेले काळे मणी डोळ्यांच्या जागी बसवायचे. डोळे लागले, की इतका वेळ चिंधी असलेली ती वस्तू एकदम आपल्याकडे पाहू लागते. त्यानंतर तिला फेकून देणे कठीण!

कापूस मिळण्याचाही हाच हंगाम. आमच्या भागात मुख्य पीक ज्वारी-बाजरीचे. कापूस कुणाच्या एखाद्या तुकड्यात असे. दसऱ्याच्या सुमाराला बोंडे फुटू लागत आणि पहिल्या वेचणीतला ओंजळभर कापूस कुणीतरी आईला आणून देई. त्यातली सरकी काढायची म्हणजे पाटावर कापूस ठेवून लोखंडी कांब वरून फिरवायची. सरकी टणकन पुढे उडे आणि मऊ कापूस मागे राही. त्याच दिवसांत पिंजारी गल्लीत येई. पावसाने दमट झालेल्या गाद्या-उशांचा कापूस तो पिंजून देई. त्याच्या धुनकीचा 'टँव टँव' असा आवाज आणि उन्हात उडणारे कापसाचे तंतू, यांवरून मला शरद ऋतू ओळखता येत असे. शरदाचे चांदणे कवींना; आमच्या वाट्याला त्याचा कापूस आला होता.

एका वर्षी सरकी काढण्याचा कंटाळा म्हणून मी दोन चिमण्यांत सरकीसकट कापूस भरला. वरून पाहता काहीच कळत नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो उंदरांनी नेमक्या त्या दोन चिमण्यांची पोटे फोडून सरकी फस्त केलेली. आईने त्या दोन्ही मला दाखवल्या आणि एवढेच म्हणाली, "जे आत असतं ते बाहेर येतंच." पुढे मास्तरांनी सुविचार म्हणून फळ्यावर पुष्कळ काही लिहिले, पण हे वाक्य मला उंदरांनी समजावले होते, त्यामुळे तेच लक्षात राहिले.

खऱ्या चिमण्यांचीही एक गंमत होती. आमचे घर माळवदाचे. तुळयांच्या खाचांतून चिमण्यांची घरटी असत. आमच्या तोरणाची एखादी शिवण उसवली, की त्या तिथे लोंबकळून चोचीने कापूस ओढीत आणि घरट्यात नेत. कापडाची चिमणी पोटातला कापूस खऱ्या चिमणीच्या पिलांखाली अंथरते आहे, हे दृश्य मी पुष्कळदा पाहिले आहे. आई ते शिवायला कधी घाई करीत नसे.

हे सगळे बरे चाललेले असताना 1972 साल आले.

त्या दुष्काळाबद्दल खूप लिहून झाले आहे. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो आणि मला त्याचे जे दिसले तेच सांगतो. पाऊस सलग तिसऱ्या वर्षी हुकला होता. विहिरींच्या तळाचे दगड दिसत होते. बायाबापड्या खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर जात होत्या. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो मिळे. तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशात अडकत असे. कामावरच्या लोकांना सुकडी मिळत असे आणि शाळेत आम्ही तिच्या गोडपणाच्या गोष्टी एकमेकांना सांगत असू. आश्विन आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे पिशवी घेऊन शिंपीकाकांकडे गेलो. मशीनवर कापडी खोळ घातलेली होती आणि खालची जमीन स्वच्छ झाडलेली होती. गावात कुणी नवे कपडे शिवलेच नव्हते. शिंपीकाका ओट्यावर बसून होते. ते म्हणाले, "यंदा गावच नाही रे पोरा." मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नाही, पण रिकामी पिशवी घेऊन घरी येताना ती भरलेल्या पिशवीपेक्षा जड वाटली हे आठवते.

कापूसही नव्हताच. यंदा तोरण नाही, असे मी गृहीत धरले. पण त्या रात्री आजीने पेटी उघडली. तळाचे खण काढले, बराच वेळ मांडीवर ठेवले आणि मग स्वतःच्या हाताने कात्री लावली. आईने आपल्या लग्नातली उशी उसवली. "दिवाळीला दार उघडं नको," एवढेच त्या दोघी एकमेकींत बोलल्या. मी सुया ओवल्या. त्या वर्षी मला पहिल्यांदाच एक सबंध चिमणी एकट्याने शिवायला मिळाली. अंजिरी खणाची. तिची शेपूट एका बाजूला वाकडी झाली होती आणि एक डोळा दुसऱ्याहून खाली होता. पण माझ्या दृष्टीने त्या अकरांत तीच एक जिवंत होती. आईने शिवलेली हिरवी मात्र इतकी देखणी होती, की दुष्काळात ती एकटीच हिरवी दिसे. वसुबारसेच्या संध्याकाळी तोरण दारावर चढले.

आमच्या मागच्या बाजूला एक कुटुंब राहत असे. नवरा-बायको, दोन मुले आणि एक अंगावरचे तान्हे बाळ. दरवर्षी ते ऊस तोडायला नगर जिल्ह्यात जात. 1950 च्या सुमारास प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मग त्या बाजूला एकामागून एक कारखाने निघाले. त्यांचा ऊस तोडायला आमच्या भागातली माणसे जाऊ लागली. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता व्हायचे, बैलगाडीवर संसार घालायचा आणि उसाच्या फडाजवळ पाचटाची कोपी करून पाच-सहा महिने काढायचे. आम्ही घरात दिवे लावीत असू, तेव्हा त्यांची निघण्याची वेळ असे. त्या वर्षी ते धनत्रयोदशीच्या पहाटे निघाले.

गाडी आमच्या दारावरून गेली. आई पाणी तापवीत होती. ती बाहेर आली, त्या बाईच्या कडेवरच्या बाळाकडे पाहिले, आत गेली, तिपाई आणली आणि तोरण सोडले. मला काही कळायच्या आत अकराच्या अकरा चिमण्या त्या बाईच्या ओंजळीत होत्या.

"वैनी, आवो सणाचं दार..." ती बाई म्हणाली.

"दार कुठं जातंय," आई म्हणाली. "कोपीत बाळाच्या झोळीवर टांग. त्याला बघायला काहीतरी होईल."

मी खूप रडलो. माझी चिमणी तिने मला न विचारता दिली याचा मला संताप आला होता. त्या दिवाळीत आमच्या दाराला दोन खिळे तेवढे दिसत होते. मी आईशी दोन दिवस बोललो नाही. तिलाही ते कळले होते, कारण तिने मला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. फक्त भाऊबीजेला, बहीण नसलेल्या मला, आजीने ओवाळले तेव्हा आईने माझ्या हातात ती रिकामी उशीची खोळ दिली आणि म्हणाली, "यात चिंध्या भरून दे मला. मान अवघडते." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले, की ती इतके दिवस उशीवाचून झोपत होती.

फड संपल्यावर, चैत्रात ते कुटुंब परत आले. बाळ रांगू लागले होते. त्या बाईने लुगड्याच्या पदरातून तोरण सोडून आईपुढे ठेवले. चुलीच्या धुराने आणि पाचटाच्या धुळीने खणांचे रंग ओळखू येत नव्हते. मी आधी मोजले. नऊच होत्या. माझी नव्हती आणि आईची हिरवीही नव्हती.

माझ्या चिमणीची हकीकत थोडक्यात अशी, की जातानाच रस्त्यात गाडीच्या साट्याला टांगलेली असताना ती बैलाने खाल्ली. त्या बाईला हे सांगताना हसू आवरेना आणि मला रडू. आई मात्र म्हणाली, "दुष्काळातला बैल तो. चवीला बरी लागली असंल." पुढे कितीतरी वर्षे घरात कुणी काही शिवले-विणले, की 'बैलाला आवडेल का?' असे विचारण्याची पद्धत पडली.

हिरवीची गोष्ट निराळी होती. शेजारच्या कोपीत एक बाई बाळंत झाली. थंडीचे दिवस, भोवती उसाचे पाचट, बाळाला पाचवीला ठेवायला काही नाही. तेव्हा हिने तोरणातली एक चिमणी सोडून त्या बाळाच्या झोळीवर बांधली. "तुमची लई चांगली होती ती, वैनी," ती अपराध्यासारखी म्हणाली. "पण देताना वाईट कशी द्यावी?"

आईने यावर काही उत्तर दिले नाही. तिने त्या बाईला बसवून घेतले, भाकरी वाढली आणि त्या नऊ चिमण्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या. इतकी आनंदात मी तिला त्या वर्षी पाहिलीच नव्हती.

त्यानंतर आमच्या घरी एक रीत पडली. कुणी ठरवली असे नाही. दरवर्षी चिमण्या अकराच शिवायच्या, पण दारावर नऊ टांगायच्या. दोन द्यायच्या. एक बैलाची, एक बाळाची, असे आम्ही म्हणत असू. बैलाची म्हणजे जिचे पुढे काय होईल ते विचारायचे नाही ती, आणि बाळाची म्हणजे सगळ्यांत चांगली.

आता कड्याला जायचे तर नगरहून गाडी आहे. 2022 साली नगर-आष्टी मार्ग सुरू झाला आणि 'कडा' असे लिहिलेली पिवळी पाटी मी रेल्वेच्या डब्यातून प्रथम पाहिली, तेव्हा आजीचा करोडगिरीचा नाका मला आठवला. नगरचेही नाव आता अहिल्यानगर झाले आहे. माळवद जाऊन तिथे स्लॅबचे घर झाले आणि तुळयांबरोबर चिमण्यांची घरटीही गेली. बाजारात प्लास्टिकच्या मण्यांची, चकचकीत तोरणे स्वस्तात मिळतात. ती धुतली की स्वच्छ होतात आणि पोटात काहीच नसल्यामुळे त्यांना उंदीर लागत नाहीत. ऊस तोडायला अजून माणसे जातात. बैलगाडीच्या जागी पुष्कळदा ट्रॅक्टर असतो, पण त्यावर रचलेल्या संसाराच्या वर बसलेली मुले तशीच असतात.

माझी भाची अमेरिकेत असते. तिथे याच दिवसांत, झाडांची पाने पिवळी-तांबडी झाली की बायका कापडाचे भोपळे शिवतात म्हणे. गोल तुकड्याच्या कडेला धावदोरा घालायचा, तो ओढून कापडाची पिशवी करायची, आत कापूस भरायचा आणि वरून दोरा आवळून भोपळ्याच्या फाका पाडायच्या. तिने फोटो पाठवला होता. पायरीवर केशरी भोपळे आणि त्यांच्या शेजारी तिने शिवलेली एक चिमणी. जपानातही इनातोरी नावाच्या गावी मुलींच्या सणाला कापसाने भरलेल्या कापडी बाहुल्या, पक्षी, फळे दोऱ्यांना ओवून घरात टांगतात. लेकरांनी वर पाहिले की त्यांना काहीतरी रंगीत दिसावे, एवढ्यासाठी जगभरच्या बायकांनी चिंध्या राखून ठेवल्या आहेत. आई असती तर म्हणाली असती, "भोपळा काय नि चिमणी काय, पोटात कापूसच ना!"

यंदाही मी अकरा शिवल्या आहेत. टीप पूर्वीसारखी सरळ येत नाही. नातवाने सुया ओवल्या आणि एक चिमणी स्वतः केली; तिची शेपूट वाकडी झाली आहे. ती दारावर टांगायची असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे. मी त्याला अजून रीत सांगितलेली नाही. वसुबारसेला सांगेन म्हणतो. दोन दिवस तो माझ्याशी बोलणार नाही, हे मला माहीत आहे. तेवढे मी सोसेन.